बी-युनचं बसणं

सकाळी सोयादूध आणायला निघालेली बी-युन वाटेत उभ्या असलेल्या प्रत्येक मोटारसायकलची सीट तळहाताने दाबत जाई. बाजारात पपई दाबून बघतात, तशी. एकदा दाबायची, हात उचलायचा आणि गाडी परत वर कशी येते त्याकडे कान द्यायचा. न्हाव्याची गाडी, देवळाच्या पुजाऱ्याची गाडी, पोलीसचौकीसमोरची सरकारी गाडी, कुणाचीच सुटका नसे. मैशान गावची ती एकुलती एक लांबलचक बाजारपेठ संपेपर्यंत तिच्या डाव्या हाताचा तळवा धुळीने माखलेला आणि उजव्या हातात दुधाची पिशवी असे.

"डावा गेलाय," ती चालता चालता सांगे.

"मालकीणबाई, गाडी आहे ती माझी, पपई नाही!" न्हावी आतून ओरडे.

"पपई असती तर कधीच डुकरांना घातली असती."

मग न्हावी आठवडाभर कुरकुर करी आणि शेवटी गाडी घेऊन दुकानात येई. डावा खरंच गेलेला असे.

दुकान तिच्या नवऱ्याचं, तियन-फूचं. घाटरस्ता सुरू होतो त्याच्या अलीकडे, सुपारीवालीच्या काचेच्या खोक्याला लागून. इथून वर छत्तीस वळणं चढली की चहाचे मळे लागतात. त्या वळणांनी खाली येणारी प्रत्येक गाडी काहीतरी मोडून घेऊन येते, आणि बहुतेक वेळा ते असतात मागचे शॉकअप. मळ्यावरचे लोक गाडीवर काय लादतील याला धरबंध नाही: खताच्या गोण्या, बांबू, एकदा तर आजीसकट आजीची खुर्ची. त्यामुळे तियन-फूने आयुष्यात जितके शॉकअप बदलले तितक्या वेळा भात खातानाही काड्या उचलल्या नसतील, असं बी-युन म्हणे.

आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक गाडीवर बी-युन बसलेली होती.

लग्न होऊन ती या दुकानात आली तेव्हा सासऱ्यांच्या वेळचं एक वाळूचं पोतं होतं. शॉकअप बदलून झाला, नट हाताने बसतील तितके बसवले, गाडी स्टँडवरून उतरवली, की ते पोतं सीटवर टाकायचं आणि मगच शेवटचं आवळायचं, अशी घरची रीत. एके दिवशी पोतं फाटलं, वाळू सगळ्या दुकानभर झाली, गिऱ्हाईक उभं. तियन-फूने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि दारात रताळ्याच्या पानांच्या शिरा सोलत असलेल्या नव्या बायकोकडे पाहिलं.

"आ-युन, जरा बस ना यावर. आजच्या दिवस."

ती पानांची परडी मांडीवर घेऊनच बसली. लाजून मान खाली घातली ती त्याने "उतर" म्हणेपर्यंत वर केली नाही. नवं पोतं कधी शिवलंच गेलं नाही. आजच्या दिवस म्हणता म्हणता तिचे गुडघे दुखायच्या वयाला आले.

मधल्या काळात तिने गाड्यांवर बसून काय काय केलं नाही? शेंगा सोलल्या, मुलीचे स्वेटर विणले, शेजारणीशी भांडण काढलं आणि मिटवलंही. मुलगी पोटात होती तेव्हा तियन-फू म्हणाला होता, की आता दोघींच्या वजनाने काम लवकर होईल. ती मुलगी पुढे पेट्रोलच्या टाकीवर गाल टेकून झोपायला शिकली आणि आता तायचुंग शहरात दातांच्या दवाखान्यात नोकरी करते. बी-युनचं वजन वाढत गेलं तशा गिऱ्हाइकांच्या जिभाही सैल झाल्या.

"मालकीणबाई, तुम्ही बसल्यावर माझी गाडी कण्हते हो."

"तुझी बायको बसल्यावर कण्हत नाही, कारण ती बसतच नाही तुझ्या मागे," बी-युन शेंग फोडत म्हणे.

बसायचं का, हे तिला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. ते तिला बसून बसून कळलं. शॉकअपच्या दोन्ही टोकांना लोखंडी डोळे असतात आणि डोळ्यांत रबराचे बुश. गाडी स्टँडवर असताना मागचं चाक लोंबत असतं. तेव्हाच नट करकचून आवळले, तर रबर त्या लोंबत्या जागी पकडलं जातं, आणि माणूस गाडीवर बसला की पिळलं जातं. ओलं फडकं पिळून तसंच पिळलेलं ठेवावं, तसं. रस्ताभर पिळलेलंच राहतं आणि थोड्याच दिवसांत फाटतं. म्हणून आधी गाडीने चाकांवर बसायचं, गाडीवर कुणीतरी बसायचं, आणि ओझ्याखाली सगळं जिथे स्थिरावेल तिथे आवळायचं. आवळायचं तेही बेताचं. नट सैल राहिला तर निघून जातो. जास्त ओढला तर बोल्ट आतून ताणला जातो. वरून धडधाकट दिसतो आणि एखाद्या वळणावर तुटतो.

बेत तियन-फूच्या हातात होता. तो पाना ओढी तेव्हा गाडी किंचित हले, आणि तो प्रत्येक हेलकावा सीटमधून बी-युनच्या कमरेपर्यंत पोचे. पहिले ओढे लांब, सुस्त. मग आखूड. शेवटी एक घट्ट, बारीकसा धक्का येई, कुणी दार नीट लावून घ्यावं तसा, आणि त्याच क्षणी खालून आवाज येई: "उतर." इतकी वर्षं तो धक्का आणि तो शब्द एकमेकांना धरून आले होते. ती दोन्हींच्या मध्ये कधी शेंगसुद्धा फोडत नसे.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी धक्का येऊन गेला आणि शब्द आला नाही. खालून आणखी एक ओढा आला. मग "उतर."

बी-युन उतरली. पण पुढच्या गाडीवर बसताना शेंगांची पिशवी बाजूला ठेवली.

पुढे न्हाव्याच्या गाडीवर शॉकअपचा टोपीसारखा नट हातातच फुटला. तियन-फूने त्याचे दोन तुकडे उचलून दाखवले. "बघ. आजकालचे नट म्हणजे नुसते टोफू. तळून सॉस घातला तर खाता येतील." न्हावी हसला, बी-युनही हसली. पण तिने सकाळचं पाहिलं होतं. चुलीवरून उतरवलेल्या भाताच्या कढत पेजेची वाटी तियन-फूने दोन्ही हातांनी उचलली होती आणि टेबलापर्यंत सावकाश, वर्तमानपत्रावर नजर ठेवून, नेली होती. तीच वाटी उचलताना बी-युनला फडकं लागलं होतं.

आणखी एक गोष्ट होती. हल्ली तो नट तोंडाजवळ नेई, ओठाला लावी, मग बोल्टवर चढवी. तिला वाटलं होतं, सुपारी सोडल्यापासून तोंडाला चाळा लागला असेल.

सांगायचं कसं, हा प्रश्न तिला सावकारासारखा मागे लागला. मैशानमध्ये तियन-फूचं नाव त्याच्या हातावर होतं. लोक म्हणत, तियन-फूने आवळलेला नट देवच सैल करेल. त्याच्याकडे एक टॉर्क पानाही होता, ठरलेल्या जोराला पोचला की 'कट्' करून सांगणारा. सुट्या भागांच्या व्यापाऱ्याच्या वर्षअखेरच्या जेवणात सोडतीत मिळालेला. बी-युनचा डोळा टीव्हीवर होता आणि नशिबी पाना आला. तियन-फू त्याला तैपेईचा पाना म्हणे. "ज्यांच्या हाताला कान नाहीत त्यांच्यासाठी आहे तो." भिंतीवर खिळ्यात अडकवलेल्या त्या पान्यावर दुकानातले रेनकोट वाळत घातलेले असत.

हिवाळी चहाची तोडणी लागली आणि गॅसवाला आ-तेक गाडी ढकलत दुकानात आला. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, बोलायला लागला की थांबणं अवघड. वरच्या मळ्यांवर मजुरांच्या चुली पेटल्या होत्या आणि जिथे टेम्पो जात नाही तिथे आ-तेकची जुनी मोटारसायकल दोन्ही बाजूंना सिलिंडर लटकवून जाई.

"मालक, मागून बेडकासारखी उड्या मारतेय. सोळाव्या वळणाला सिलिंडर मला ओव्हरटेक करून जाईल असं वाटलं."

"दोन्ही बदलायचे," तियन-फू म्हणाला. "एक बदलशील तर लंगडी होईल."

"बदला. दुपारी वर जायचंय. मजूर कच्चा भात खातील नाहीतर, आणि शिव्या मला देतील."

तियन-फूने एक बाजू काढली, नवा शॉकअप लावला, मग दुसरी काढली. दोन्ही एकदम काढले तर चाक धरणारा मागचा चिमटा खाली पडतो. वायसर बसवले. नट ओठाला लावून पाहिले आणि हाताने फिरवले. गाडी स्टँडवरून उतरवली. बी-युन हात पुसत आली आणि बसली.

"गाडी खुश झाली बघा," आ-तेक म्हणाला. "रोज सिलिंडर, आज जरा मऊ काहीतरी."

"सिलिंडर फुटतो, मीही फुटेन. गप्प बस."

उजवी बाजू झाली. वरचा नट, खालचा बोल्ट. धक्का, जरा उशिराने, पण ठीक. तियन-फू डावीकडे सरकला. वरचा झाला. खालच्या बोल्टला पाना लागला. लांब ओढे. आखूड ओढे. मग तो बारीक धक्का, दार लागल्यासारखा. बी-युनने श्वास धरला.

शब्द आला नाही. ओढा आला. आणि त्याच्या पुढच्या ओढ्याला सीटखालून काहीच कडक आलं नाही; मऊ आलं, मळलेली कणीक ओढावी तसं.

"पुरे," ती म्हणाली.

"अजून नाही."

"फू, बस झालं."

"तू शेंगा खा."

तिच्या हातात शेंगा नव्हत्या. तिला वरची वळणं दिसली, सोळावं, सतरावं, खाली दरीतले बांबू, आणि लटकवलेले दोन सिलिंडर. आ-तेक तिच्यासमोर उभा राहून सुपारीवालीला काहीतरी विनोद सांगत होता. त्याच्यासमोर बोलली असती तर संध्याकाळपर्यंत ते छत्तिसाव्या वळणापर्यंत पोचलं असतं.

बी-युन गाडीवरून उतरली.

गाडी उसासा टाकून वर आली. तियन-फूचा पाना हवेत राहिला. आजवर, तो "उतर" म्हणायच्या आधी ती कधी उतरली नव्हती. मुलीच्या वेळच्या कळा सुरू झाल्या होत्या तेव्हाही नाही.

"काय झालं हो?" आ-तेकने विचारलं.

"पायाला मुंग्या आल्या," बी-युन म्हणाली. "म्हातारी झाले मी. तू असं कर, कोपऱ्यावर जाऊन टर्की-भात खाऊन ये. उपाशीपोटी घाट चढू नये."

"मी सकाळीच..."

"मग परत खा. पोट बघ केवढं आहे, एका वाटीने काय होतंय त्याला?"

आ-तेक पोटावर हात फिरवत निघून गेला. सुपारीवालीने काच ओढून घेतली. ती शहाणी बाई होती.

"उतरलीस का?" तियन-फूने वर न बघता विचारलं.

"बोल्ट ताणला जातोय."

"तुला काय माहीत? तू वर बसलेली."

"वर बसलेय म्हणूनच माहीत आहे."

त्याने बोल्ट काढला. अंगठा फिरवला, मग दुसरा अंगठा. मग बोल्ट खालच्या ओठाला लावला आणि हळूहळू सरकवला. मध्यावर येऊन ओठ थांबला. तिथे बोल्ट बारीक झाला होता, आटे लांबट झाले होते.

बी-युनला तेव्हा त्या ओठांचं कळलं. सुपारीचा चाळा नव्हता तो.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"मागच्या तोडणीपासून असेल. आधी बोटांची टोकं. आता इथपर्यंत." त्याने तळहातावर कुठेतरी दाखवलं. "आपल्याच हातावर हातमोजा चढवल्यासारखं वाटतं."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगून काय? तू माझे हात होणार होतीस?"

हे तो चिडून म्हणाला होता. पण बी-युनने ते वाक्य जसंच्या तसं उचललं. उठली, भिंतीवरचे रेनकोट एकेक करून खुर्चीवर टाकले आणि तैपेईचा पाना खाली काढला. फडक्याने पुसला. नव्या शॉकअपच्या खोक्यावर आकडा छापलेला होता. चष्मा लावून तो वाचला आणि पान्याची मूठ फिरवून त्या आकड्यावर आणली. खणातून नवा बोल्ट काढून जुन्याच्या जागी हाताने बसवला.

"हे काय चाललंय?"

"गाडीवर बस."

"कोण?"

"मग काय सुपारीवालीला बोलावू? बस."

"मी बसू? माझ्या दुकानात? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, म्हातारा इतकी वर्षं खाली बसून होता, आता वर बसला. बढती झाली म्हणतील."

तो उभाच राहिला. बी-युन त्याच्या बुटक्या स्टुलावर बसली. हा स्टूल फार खाली आहे, हे तिला पहिल्यांदाच कळलं. इथून दुकान वेगळंच दिसत होतं, सगळी चाकं आणि पावलं.

"हे बघ फू," ती म्हणाली. "वाटी उचललीस ना, त्या दिवशी मी पाहिलं. न्हाव्याचा नट फुटला तेव्हाही पाहिलं. मी काही बोलले नाही. पण आज ही गाडी वर जाणार आहे. आणि सोमवारी आपण चिआयीला डॉक्टरकडे जाणार आहोत."

"हाताचं म्हातारपण आहे ते. डॉक्टर काय करणार?"

"काही करणार नसेल तर तसं तो म्हणेल. तू कशाला त्याच्या वतीने बोलतोस?"

तियन-फूने पान्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. मग टांग टाकून गाडीवर बसला. बसला तो असा ताठ, जणू फोटो काढायचा आहे.

गाडी जेमतेम बोटभर खाली गेली.

"तुझ्यात काही वजनच नाही," बी-युन म्हणाली. "इतकी वर्षं जेवू घालतेय ते जातं कुठे?"

तेवढ्यात आ-तेक दात कोरत परत आला आणि दारातच थबकला. मालक सीटवर, मालकीण जमिनीवर, हातात तो रेनकोटवाला पाना. त्याचं तोंड उघडं राहिलं. त्यातून शब्द निघायच्या आत तियन-फू बोलला.

"तिला शिकवतोय. किती वर्षं नुसती बसून राहणार?"

बी-युनने मान खाली घातली. "हो. शिकतेय," ती म्हणाली.

"माझ्या गाडीवर शिकताय?" आ-तेक घाबरला. "मालक, न्हाव्याच्या गाडीवर शिकवा की!"

"तुझा एक सिलिंडर आण इकडे. मालकाच्या मागे बांध. वजन कमी पडतंय."

"मालकाचा डाएट चालू आहे का?"

सिलिंडर बांधला. गाडी बसली, चाकावर स्थिरावली. बी-युनने बाकीचे तिन्ही पुन्हा ढिले केले आणि नव्याने सुरुवात केली, उजवीकडून. तियन-फू वरून सांगत होता: "सरळ धर. अंगाने ओढ, मनगटाने नको. झटका देऊ नकोस. हळू." ती ऐकत होती. पाना 'कट्' म्हणाला. तिने लगेच थांबवला. दुसरा, 'कट्'. तिसरा.

शेवटचा खालचा, नव्या बोल्टचा. लांब ओढे, मग आखूड. तियन-फूच्या तोंडातल्या सूचना कमी होत गेल्या आणि मग बंद पडल्या. दोन्ही हात टाकीवर होते. ते काही सांगत नव्हते. पण खालून, सीटमधून, कमरेत काहीतरी येत होतं. आणि मग तो बारीक, घट्ट धक्का. त्याच क्षणी पाना म्हणाला, 'कट्'.

तियन-फू तसाच बसून राहिला.

"हे तुला रोज कळायचं?" त्याने हळूच विचारलं.

"रोज."

"कधी बोलली नाहीस."

"तू 'उतर' म्हणायचास ना बरोबर. मग मी काय बोलायचं?"

तो गाडीवरून उतरला. खाली वाकून त्याने चारही नटांवर लाल रंगाची एकेक रेघ ओढली, नट फिरला तर कळावं म्हणून, नटावरून वायसरवर. रेघ जरा वाकडी आली. बी-युनने ती तशीच राहू दिली.

आ-तेकने दुसरा सिलिंडर लटकवला, सीट दोनदा दाबून पाहिली, उगाच समाधानाने मान हलवली. किक मारली. गाडी रस्त्यावर आली, उड्या न मारता, शहाण्या पोरासारखी. तियन-फू दारात उभा राहून मागच्या चाकाकडे बघत होता, आणि त्याचे दोन्ही हात खिशात होते. बी-युन स्टुलावरून गुडघ्याला धरत उठली, दारापर्यंत आली आणि रस्त्याकडे बघून ओरडली.

"आ-तेक! खाली येताना बांबूचे कोंब घेऊन ये दोन! कोवळे बघून आण हं, मागच्या वेळचे फार जून निघाले!"